तीन वयांची तीन मुलं आणि सात रात्रींचं जहाज

प्रश्न : आम्ही दोघं, सासूबाई (वय ६८), मुलगा १५ वर्षांचा, मुलगी ९ वर्षांची आणि धाकटा सव्वादोन वर्षांचा. सात रात्रींच्या क्रूझचा विचार चाललाय. मुलीला गाडी लागते. धाकटा अजून डायपरमध्ये आहे. मोठा म्हणतो, ‘आठवडाभर तुमच्याबरोबर कोंडून घ्यायला मी येणार नाही.’ एजंट म्हणतात की एका मोठ्या फॅमिली केबिनमध्ये सहाही जण मावतील आणि पैसे वाचतील. हे सगळं जमेल का? आणि मोठ्याला जहाजावर किती मोकळं सोडायचं? – एक वाचक

उत्तर : ताई, तुमचं पत्र मोठ्याच्या काळजीने भरलंय, पण या सहलीचं घोडं अडलंय ते धाकट्याच्या डायपरपाशी. म्हणून आधी त्याचं बघू.

क्रूझच्या भाड्यात जो किड्स क्लब (पालकांशिवाय मुलांना खेळवण्याची आणि सांभाळण्याची जागा) येतो, तो बहुतेक कंपन्यांकडे वयाच्या ३ वर्षांपासून सुरू होतो आणि मूल डायपरमधून पूर्ण बाहेर आलेलं असावं लागतं. ओढून चढवायची डायपर पॅंटही चालत नाही. त्याआधीच्या मुलांना आई किंवा बाबा सोबत बसणार असतील तरच, ठरावीक वेळी तिथे खेळता येतं. वय मोजतात ते जहाज सुटण्याच्या तारखेला. ‘पुढच्या आठवड्यात तीनचा होतोय’ हे सांगून दारावर उपयोग होत नाही.

दुसरी अडचण पाण्याची. डायपर लागणाऱ्या मुलाला जहाजाच्या मोठ्या तलावात उतरवत नाहीत, स्विम डायपर घातलं असलं तरी. स्विम डायपर घट्ट शी अडवतं, जंतू अडवत नाही. तलाव लहान, माणसं खूप आणि पाणी तेच फिरत राहतं. एकाने घाण केली की तलाव बंद करून निर्जंतुक करावा लागतो आणि बाकीची शेकडो मुलं काठावर बसतात. काही जहाजांवर अशा चिमुरड्यांसाठी वेगळी गाळणी असलेली कारंज्यांची जागा असते, काहींवर नसते. तुमच्या जहाजावर ती नसेल, तर दादा-ताई पाण्यात आणि हा काठावर भोकाड पसरून, हाच कार्यक्रम सात दिवस. त्याला धरायला रोज एक मोठं माणूस अडकणार ते वेगळंच.

म्हणून आमचं स्पष्ट मत : नऊ-दहा महिने थांबता येत असेल तर थांबा. तोवर धाकटा तीनचा होईल, डायपर सुटलेलं असेल. मोठा सोळाचा होईल, पण किशोरवयीन मुलांचा टीन क्लब १७ वर्षांपर्यंत असतो, म्हणजे त्याचं काही बिघडत नाही. आत्ताच जायचं असेल, तर भाडं विचारण्याआधी एजंटला दोन प्रश्न विचारा. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी नर्सरी आहे का? आणि डायपरमधल्या मुलांसाठी वेगळी पाण्याची जागा आहे का? दोन्ही उत्तरं जहाजाच्या नावासकट लिहून घ्या, कारण एकाच कंपनीच्या दोन जहाजांवर सोयी वेगळ्या असतात. नर्सरीला तासावर पैसे पडतात आणि जागा थोड्या असतात. आगाऊ बुकिंग सुरू झालं की लगेच संध्याकाळचे तास घेऊन टाका. सासूबाई आहेतच की, असं धरून चालू नका. त्याही सुट्टीवरच येताहेत.

आता केबिन. साधी केबिन १५ ते १७ चौरस मीटरची असते. दिवसा ती ऐसपैस वाटते, खरी परीक्षा रात्री. सोफ्याचा पलंग उघडला की पाय ठेवायची जागा संपते. वरची बर्थ खाली येते, तिची शिडी नेमकी बाथरूमच्या वाटेत. पाळणा कपाटासमोर लावला की कपाट उघडत नाही. धाकटा साडेआठला झोपला की दिवा बंद, आणि बाकीच्यांनी कुजबुजत मोबाइलच्या उजेडात कपडे शोधायचे. एजंट म्हणतात ती फॅमिली केबिन याहून मोठी असते, पण सकाळी सहा जणांना पुरेल इतकी न्हाणीघरं तिला आहेत का, ते केबिनच्या नकाशात बघा.

आम्ही सुचवू दोन केबिन, मधून दार असलेल्या. ‘कनेक्टिंग’ हा शब्द बुकिंगच्या कागदावर दिसला पाहिजे, कारण नुसत्या शेजारच्या केबिनना मधलं दार नसतं. एकीत तुम्ही दोघं आणि धाकटा, दुसरीत आजी, मोठा आणि मुलगी. बऱ्याच कंपन्यांचा नियम असतो की प्रत्येक केबिनमध्ये एक सज्ञान माणूस नोंदलेलं हवं. काही कंपन्या त्यासाठी २१ वर्षांची अट घालतात. आजींमुळे तो प्रश्न आपोआप सुटतो. मधल्या दाराची जोडी मिळाली नाही, तर समोरासमोरच्या दोन घ्या : एक बाल्कनीची, एक खिडकी नसलेली आतली. आतली बरीच स्वस्त पडते आणि तिच्यात दिवसाही मिट्ट काळोख करता येतो. धाकट्याच्या दुपारच्या झोपेला आणखी काय हवं?

पैसे वाचण्याचं म्हणाल, तर भाड्याची रीत समजून घ्या. केबिनमधल्या पहिल्या दोघांना पूर्ण भाडं लागतं, तिसऱ्या-चौथ्याला सहसा बरंच कमी. बंदराचे कर मात्र प्रत्येक डोक्यामागे असतात. सेवेची रोजची टिपही तशीच माणशी धरतात, मुलांचीसुद्धा. अगदी तान्ह्यांना काही कंपन्या वगळतात. सहा जणांची फॅमिली केबिन मुळातच महागड्या वर्गातली असते, त्यामुळे दोन साध्या केबिन आणि ती एक यांत फरक वाटतो तेवढा निघेलच असं नाही. दोन्हींचे आकडे कर आणि टिप धरून मागा. तीन-चार जणांच्या केबिन लवकर संपतात, त्यालाही कारण आहे. प्रत्येक विभागाच्या लाइफबोटींत ठरावीकच माणसं बसतात. ती संख्या भरली की खोलीत बर्थ रिकामी असूनही कंपनी ती विकू शकत नाही. शाळेच्या सुट्टीत जायचं तर आठ-नऊ महिने आधी ठरवा. आणि केबिनचा नंबर कंपनीने नंतर द्यायचा अशी स्वस्त योजना असते, तिच्या वाटेला जाऊ नका. तुमच्या दोन खोल्या जहाजाच्या दोन टोकांना निघतील.

नंबर निवडताना डेकचा नकाशा उघडा आणि आपल्या वरच्या व खालच्या मजल्यावर काय आहे ते पाहा. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज डोक्यावर येतो. खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर मध्यरात्रीपर्यंत धडधड. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असलेला मजला सर्वांत शांत.

मुलीसाठीही जागा याच नकाशात शोधायची आहे. गाडी लागणाऱ्याला बोट लागतेच असं नाही. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंनी पंख असतात. ते जहाजाचं डाव्या-उजव्या बाजूला कलणं बरंच कमी करतात. पुढचं-मागचं टोक वर-खाली होणं मात्र त्यांना थांबवता येत नाही. सी-सॉच्या मधोमध बसलेल्याला जसं कमी हलतं, तसं जहाजाच्या लांबीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर कमी जाणवतं. सर्वांत वरची, सर्वांत पुढची सुंदर दृश्याची केबिन तुमच्यासाठी नाही. मार्गही बघा. अलास्कातला ‘इनसाइड पॅसेज’ बेटांच्या आडोशाने जातो, तिथे पाणी बऱ्यापैकी शांत असतं. उघड्या महासागरातले सलग दिवस पहिल्या खेपेला टाळा. अटलांटिकमध्ये चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात. त्या काळात कॅरिबियनची तिकिटं स्वस्त दिसतात, पण मार्ग ऐनवेळी बदलू शकतो.

औषधाबद्दल बालरोगतज्ज्ञांशी बोला आणि दिलेलं औषध निघण्याआधी घरी सुट्टीच्या दिवशी एकदा देऊन बघा. या गोळ्यांनी बहुतेक मुलं पेंगतात, पण काही उलट चेकाळतात. ते घरी कळलेलं बरं. गोळी द्यायची समुद्र खवळण्याच्या अर्धा-एक तास आधी. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. कानामागे लावायची पट्टी मोठ्यांसाठी असते, ती मुलीला लावू नका. पोट रिकामं ठेवू नका, कोरडं काहीतरी थोडं थोडं खाऊ द्या. मळमळायला लागलं की पुस्तक आणि स्क्रीन बंद, उघड्या डेकवर मधल्या भागात नेऊन लांब क्षितिजाकडे बघायला सांगा. बंद केबिनमध्ये झोपवण्याची घाई केली की मळमळ बहुधा वाढते. परतल्यावर एक-दोन दिवस घरातली जमीन डोलल्यासारखी वाटेल, त्याला घाबरू नका.

आता मोठा. त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण जहाज हे १५ वर्षांच्या मुलाला पालकांपासून सुटका मिळणारं दुर्मीळ ठिकाण आहे, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. टीन क्लबमध्ये साधारण १३ ते १७ वयाची मुलं असतात, पालकांना आत प्रवेश नसतो आणि तो रात्री उशिरापर्यंत चालतो. यात एक मेख आहे. क्लबची मजा त्यात किती मुलं आहेत यावर ठरते. जहाज ज्या देशातून सुटतं तिथल्या शाळा सुरू असतील, तर क्लबमध्ये चारच मुलं असतील. त्याच्यासाठी गर्दीचा हंगाम चांगला, स्वस्ताचा नव्हे.

दुसरी मेख पहिल्या संध्याकाळची. त्या रात्री ओळखीचा कार्यक्रम होतो, दुसऱ्या रात्रीपर्यंत घोळके जमलेले असतात आणि तिसऱ्या दिवशी नवं कोणी आलं तर ते भिंतीला टेकून उभं राहतं. ‘आवडलं नाही तर पुन्हा जाऊ नकोस, पण पहिल्या रात्री एक तास जायचंच,’ एवढा करार घरूनच करून घ्या. लाजाळू मुलासाठी तो तास फार महत्त्वाचा.

किती मोकळं सोडायचं? दिवसभर सोडा, पण चार गोष्टी पक्क्या करा. रोज एक जेवण, बहुधा रात्रीचं, सगळ्यांनी एकत्र. जागा बदलली की जहाजाच्या ॲपवर निरोप. रात्रीची एक वेळ. १८ वर्षांखालच्या मुलांनी रात्री १ नंतर जहाजावर एकटं हिंडू नये असा अनेक कंपन्यांचा स्वतःचाच नियम असतो, तुमची वेळ त्याच्या आधीची ठेवा. आणि चौथी, जिच्यावर घासाघीस नाही : कुणाच्या केबिनमध्ये जायचं नाही, कुणाला आपल्या केबिनमध्ये आणायचं नाही. भेटायला अख्खं जहाज आहे. कठड्यावर चढणं, बसणं, बाहेर झुकून फोटो काढणं हा जहाजावर गंभीर गुन्हा समजतात आणि त्यासाठी अख्ख्या कुटुंबाला पुढच्या बंदरावर उतरवू शकतात. हे त्याला तुमच्या तोंडून नाही पटलं, तर कंपनीच्या अटी वाचायला द्या.

पैशांचंही एक. जहाजावर रोख चालत नाही, सगळे व्यवहार केबिनच्या कार्डावर. मुलांच्या कार्डाला व्हिडिओ गेमच्या मशीनची चटक लागते. एकेका खेळाची रक्कम छोटी, पण तिसऱ्या दिवशी बेरीज बघून डोळे पांढरे होतात. पहिल्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन त्याच्या कार्डाला मर्यादा घालून घ्या आणि मुलीच्या कार्डाची खरेदी पूर्ण बंद करा. फोनचं म्हणाल, तर बंदर सोडण्याआधी सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर. समुद्रात फोन आपोआप जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो आणि ते रोमिंग बहुतेक नेहमीच्या पॅकमध्ये येत नाही. एअरप्लेन मोडमध्येच वायफाय चालू केलं की जहाजाचं ॲप चालतं. त्यातलं चॅट काही कंपन्या फुकट देतात, काही थोडे पैसे घेतात. इंटरनेटचं पॅकेज उपकरणागणिक असतं. सहा घेऊ नका.

मुलगी ९ वर्षांची, म्हणजे किड्स क्लबच्या गटाच्या सीमेवर. काही ठिकाणी ती ६ ते ९ मध्ये मोठी ठरते, काही ठिकाणी ९ ते ११ मध्ये सर्वांत लहान. कोणता गट तिला मानवेल, हे बुकिंग करतानाच बघा. या वयाच्या मुलांना स्वतःहून क्लबमधून बाहेर पडायची परवानगी पालक देऊ शकतात. पहिले दोन दिवस ती देऊ नका. तिला तुमच्या केबिनपासून क्लबपर्यंतची वाट तोंडपाठ झाली की बघा. जहाजाचे कॉरिडॉर सगळे सारखे दिसतात. केबिनची दारं बहुधा पोलादी असतात, त्यावर एक रंगीत चुंबक लावून ठेवलं तर तिला आपलं दार लांबून कळेल.

दारांवरून आठवलं, मुलांना जहाजावर होणाऱ्या दुखापतींत चिमटलेली बोटं फार. बाल्कनीचं दार आणि केबिनचं दार एकाच वेळी उघडलं की वारा आरपार घुसतो आणि जड दार धाडकन आपटतं. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, आणि दार हँडल धरूनच ढकलायचं, कडेला हात लावायचा नाही, हे दोघांना पहिल्याच तासात शिकवा. बाल्कनीतल्या खुर्च्या-टेबल कठड्यापासून दूर, आणि धाकटा तिथे एकटा क्षणभरही नको. तलावाशीही तेच : अनेक जहाजांवर जीवरक्षक नसतो.

जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी त्या शहरात पोहोचा. विमान उशिरा आलं तर जहाज थांबत नाही. बॅगा बंदरावर दिल्या की त्या केबिनपाशी संध्याकाळी येतात. तोवर हातातल्या पिशवीत पासपोर्ट, सगळी औषधं, पोहायचे कपडे आणि दिवसभराची डायपर हवीत. डायपरचा हिशोब : रोज ६ धरली तर सात दिवसांची ४२, प्रवासाच्या दोन दिवसांची १२, वर दहा जादा, म्हणजे साधारण ६५. जहाजावरच्या दुकानात तुमचं माप मिळेलच असं नाही. पाळणा आधीच सांगून ठेवा. स्ट्रोलर अरुंद आणि घडीचा घ्या, कारण केबिनचं दार अनेकदा ६० सेंटीमीटरहून कमी रुंद असतं आणि कॉरिडॉरमध्ये तो ठेवू देत नाहीत. साध्या केबिनमध्ये बहुधा शॉवरच असतो, टब नाही. शॉवरला घाबरणाऱ्या धाकट्यासाठी हवेचा छोटा टब न्या. सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरणं वाचवणारा बोर्ड), इस्त्री, किटली हे आगीच्या भीतीने काढून घेतात. एकाच खाचेतून चार-पाच फोन चार्ज करणारा यूएसबी चार्जर चालतो.

चढल्यावर पहिलं काम सुरक्षा कवायत, म्हणजे मस्टर ड्रिल. जानेवारी २०१२ मध्ये ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ ही क्रूझची बोट बुडाली, तेव्हा नुकत्याच चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, कारण जुन्या नियमात २४ तासांची मुभा होती. २०१५ पासून ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा मुलांना पाठ करून द्या. केबिनमध्ये धाकट्याच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का बघा आणि नसेल तर त्याच दिवशी मागून घ्या. मोठा टीन क्लबमध्ये असताना भोंगा झाला तर त्याने केबिनकडे धावायचं नाही, थेट कवायतीत ठरवून दिलेल्या जागी जायचं. मुलगी आणि नर्सरीतलं मूल कर्मचारी कुठे आणतील, हे क्लबच्या दारात विचारून ठेवा.

बंदरांची यादी बघून भुलू नका. यादीत ‘रोम’ असतं, पण जहाज लागतं चिविताव्हेक्कियाला, तिथून रोम ७० किलोमीटरच्या वर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, अंतर आणखी जास्त. दोन वर्षांच्या मुलाला आणि ६८ वर्षांच्या आजींना त्या दिवशी बसमध्येच अर्धा दिवस जाईल. सात दिवसांतली दोन-तीनच ठिकाणं निवडा. बाकीच्या दिवशी सगळे उतरले की जहाजावर तलाव आणि घसरगुंड्या रिकाम्या असतात, मुलीला तोच दिवस सर्वांत आवडेल. जिथे जहाज धक्क्याला लागत नाही आणि छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात, तिथे स्ट्रोलर घडी करून उचलावा लागतो आणि हलत्या बोटीत पाय टाकावा लागतो. आजींना आधी विचारा. स्वतःहून फिरायला गेलात तर परतीच्या वेळेच्या किमान दीड तास आधी बंदरात या. कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. फोन किनाऱ्यावरच्या वेळेवर आपोआप सरकतो आणि तासाभराने दगा देतो.

कागदपत्रांत पासपोर्टची मुदत परतीनंतर ६ महिने शिल्लक हवी. व्हिसा मार्गातल्या प्रत्येक देशाचा तपासा, तुम्ही तिथे उतरणार नसलात तरी, आणि जहाज एखाद्या देशातून निघून पुन्हा तिथेच येणार असेल तर तो अनेक प्रवेशांचा लागतो. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल तुमच्याच खात्यावर चढतं. म्हणून प्रवास विमा घ्या, त्यात जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलेला असावा, आणि आजींचे जुने आजार अर्जात लपवू नका. पोट बिघडवणारा नोरोव्हायरस जहाजावर झपाट्याने पसरतो आणि हातावर चोळायच्या सॅनिटायझरला तो फारसा जुमानत नाही. जेवणाआधी साबण-पाण्याने २० सेकंद हात धुणं, हाच त्यावर उपाय. ओआरएसची पाकिटं आणि मुलांच्या वजनानुसार डॉक्टरांनी लिहून दिलेले तापाच्या औषधाचे डोस बरोबर ठेवा.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, त्या सकाळी बंदरावरच मिळतात. बॅगा बाहेर जाण्याआधी प्रत्येकाचा सकाळचा एकेक जोड, अंतर्वस्त्रं आणि बूट पलंगावर काढून मोजा. मोठ्याचे बूट तर हमखास बॅगेत गेलेले असतात.